खाडाखोडीपाशी सही

आमच्या ऑफिसातली एक मुलगी परवा डबा खाता खाता माझ्याजवळ सरकली आणि इतक्या खालच्या आवाजात बोलली की मला आधी वाटलं, नोकरी सोडतेय. "मॅडम, तुमच्या ओळखीत कुणी चांगला सायकॉलॉजिस्ट आहे का? भावासाठी पाहिजे." चांगला म्हणजे कसा, असं मी विचारलं. ती गोंधळली. म्हणाली, "म्हणजे... समजून घेणारा." माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "समजून घेणं नंतर. आधी नोंदणी क्रमांक विचार." मग माझं मलाच हसू आलं, कारण हे माझं बोलणं नव्हतंच. हे गफ्फार चाचांचं बोलणं होतं, आणि चाचांना जाऊन आता दीड वर्ष झालं.

गफ्फार चाचा गारखेड्यात आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायचे. मूळचे पिशोरचे. नोकरी सरकारी, उमेदवारांची कागदपत्रं तपासायच्या टेबलावर. गुणपत्रिका, दाखले, शिक्के, सह्या, सगळी हयात त्यातच गेली. रिटायर झाले तेव्हा टेबल तेवढं ऑफिसात राहिलं, बाकी सगळं घरी आलं. अंगानं काटकुळे, भर मे महिन्यातसुद्धा शर्टाच्या बाह्यांची बटणं मनगटाशी लावलेली. कुठलाही कागद उजेडाला धरल्याशिवाय वाचायचे नाहीत. लग्नपत्रिका दिली तरी आधी खिडकीकडे धरणार, मग "मुबारक हो" म्हणणार.

नळ दुरुस्त करायला माणूस आला तर ते त्याला ओळखपत्र मागत. वर्गणीवाल्यांच्या पावतीपुस्तकाचे आकडे सलग आहेत का बघत. सकाळी फिरायला गेले की दवाखान्यांच्या पाट्या वाचत यायचे आणि जिन्यात मला गाठून सांगायचे, "ताई, त्या कोपऱ्यावरच्याच्या पाटीवर गेल्या साली तीन पदव्या होत्या. यंदा चार झाल्या. ह्यानं परीक्षा कवा दिली? रोज तर इथंच दिसतो!" बिल्डिंगमधली पोरं त्यांना मागून सीबीआय म्हणायची. चाचांना ते माहीत होतं आणि मनातून आवडायचंही.

मुलीचं लग्न ठरवताना त्यांनी कमाल केली होती. मुलगा इंजिनिअर. चाचा बस पकडून त्याच्या कॉलेजात गेले आणि गुणपत्रिका तपासून आले. दुसऱ्या वर्षी एक विषय राहिलेला निघाला. सगळ्यांना वाटलं, मोडलं लग्न. पण चाचांनी होकार कळवला. मी विचारलं तर म्हणाले, "पहिल्याच भेटीत पोरानं सोताहून सांगितलं होतं, चाचा, माझा एक विषय राहिला होता म्हणून. मी नुसतं खरं आहे का, ते बघायला गेलो." आपला डाग आपल्या तोंडानं सांगणारा माणूस, एवढीच त्यांची जावयाबद्दलची अट होती.

या सगळ्याला मी पुष्कळ हसले होते. मग माझ्यावर वेळ आली.

माझा नवरा श्रीकांत वाळूजला एका कंपनीत सुपरवायझर. माझं सासर सोयगावकडचं, शेतीवाडीचं मोठं घर, आणि त्या घरातून शहरात नोकरीला लागलेला हा पहिला मुलगा. त्या घरात ताप येतो, मुतखडा होतो, पाठ धरते, पण मन बिघडत नाही. बिघडलंच तर ते बाईचं बिघडतं. श्रीकांतची आधी झोप गेली. मग जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. मग तो कंपनीच्या गेटपर्यंत जाऊन परत यायला लागला. विचारलं तर म्हणायचा, "पाय आत पडत नाही." त्यापुढे काही नाही. दोन महिन्यांत तो माझ्याशी दहा वाक्यंही बोलला नसेल.

आम्ही सगळ्यांना कावीळ सांगितली. सासूबाईंनी सोयगावहून कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता पाठवला, आत्यांनी कसलीशी मुळी पाठवली, आणि मी त्या मुळीचं काय करावं ते न कळून ती डब्यात झाकून ठेवली. खोटं बोलायला लागलं की ते पोसावंसुद्धा लागतं. एका रात्रीतून मी काविळीची जाणकार झाले.

खूप विनवण्या केल्यावर श्रीकांत म्हणाला, "येतो. पण एकदाच. तिथं मला पटलं नाही तर पुन्हा विषय काढायचा नाही." मी हो म्हटलं आणि त्या क्षणापासून मला धाप लागली. एकच खेप. चुकीच्या दारात नेलं तर पुढचं दार कायमचं बंद. आणि बरोबर दार कुठलं, हे मला कोण सांगणार? मोबाइलवर शोधलं तर शंभर नावं आली, सगळ्यांना पाच पाच तारे.

शेवटी मी जिन्यात चाचांना सांगितलं. "टेन्शन घेऊ नका, होईल सगळं ठीक," असं न म्हणणारा तो एकच माणूस भेटला मला. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "कंपनीची पॉलिसी आहे का? कागद आणा." मला राग आला. इथं माझा जीव टांगणीला आणि ह्यांना कागद पाहिजेत. पण मी आणले.

चाचांनी पॉलिसीचं पुस्तक दोन दिवस वाचलं. मग विमा कंपनीला फोन लावला, स्पीकरवर, वही उघडून.

"बेटा, आधी तुझं पूर्ण नाव सांग."

"सर, आपली काय मदत करू शकते?"

"नाव सांग, मग मदत."

तिनं बिचारीनं नाव सांगितलं. चाचांनी लिहून घेतलं. "आता सांग, मनाच्या आजाराला ही पॉलिसी चालते का? आणि भरती झाल्यावरच, का नुसतं दाखवायला गेलं तरीबी?" मुलीनं आम्हाला बराच वेळ गाणं ऐकवलं आणि मग सांगितलं, की या कंपनीच्या पॉलिसीत दाखवायला गेलेलंही चालतं. मात्र मानसोपचार डॉक्टरची चिठ्ठी हवी, सायकॉलॉजिस्टच्या पावतीवर त्यांचा नोंदणी क्रमांक हवा, आणि पेशंटचं नाव कार्डावर आहे तेच हवं.

"लई बेस. आता हे मला लिहून पाठव."

"सर, मी तोंडी सांगितलं ना."

"बेटा, उद्या तू सुट्टीवर गेली तर मी फॉर्मला तुझा आवाज जोडू का?"

संध्याकाळी ई-मेल आला. चाचांनी त्याच्या दोन प्रती काढून आणल्या.

मग त्यांनी मला शिकवलं. गोळ्या देणारे वेगळे, ते डॉक्टर असतात. बोलून इलाज करणारे वेगळे. दोघांची सरकारी यादी वेगळी, क्रमांक वेगळा, आणि ती यादी घरबसल्या बघता येते. "तिसरे असतात ते नुसते पाटीवाले," असं म्हणून ते उठले, आणि आम्ही दोघं बघायला निघालो. श्रीकांतला न्यायच्या आधी आम्ही जाऊन यायचं, असं ठरलं होतं.

पहिली जागा जालना रोडवर, भली मोठी पाटी, एकवीस दिवसांत हमखास गुण. आत कोट घातलेले गृहस्थ आणि मागे भिंतभर प्रमाणपत्रं. चाचा खुर्चीत बसलेच नाहीत. भिंतीच्या कडेकडेनं एकेक वाचत गेले. "हे दोन दिवसांचं शिबिर. हे ऑनलाइनचं. हे तर नुसतं हजेरीचं आहे, पास झाल्याचं नाय." मग वळून अदबीनं विचारलं, "साहेब, नोंदणी क्रमांक?" गृहस्थ म्हणाले, प्रोसेसमध्ये आहे. चाचा म्हणाले, "झाली की कळवा, आम्ही येतो." बाहेर आल्यावर मात्र ते कितीतरी वेळ त्या पाटीकडे बघत उभे राहिले. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

दुसरी उस्मानपुऱ्यात, एका खोलीत बसणारी तरुण मुलगी. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं, "काका, मी शाळेतल्या मुलांचं समुपदेशन करते. तुम्ही सांगताय त्याला माझ्यापेक्षा जास्त शिकलेलं माणूस लागेल." आणि क्रांती चौकाजवळच्या एका दवाखान्याचा पत्ता लिहून दिला. तिथं एक बाई सायकॉलॉजिस्ट होत्या आणि शेजारच्या खोलीत मानसोपचार डॉक्टर. चाचा इतके खूश झाले की जिना उतरताना दोनदा म्हणाले, "ह्या पोरीला मी माझ्या टेबलावर बसवलं असतं."

मी त्याच संध्याकाळी त्या दवाखान्यात फोन करून शुक्रवारची वेळ घेतली. तिकडून विचारलं, पेशंटचं नाव? आणि मी माझं नाव सांगितलं. सुनंदा. विचारसुद्धा करावा लागला नाही. उद्या कुणी ओळखीचं भेटलं तर बायकोला दाखवायला आलोय म्हणता येईल, श्रीकांतला खाली मान घालावी लागणार नाही. हे मी चाचांना सांगितलं नाही.

तिकडे चाचांची गाडी अडली होती. दवाखान्याच्या पाटीवर त्या सायकॉलॉजिस्ट मॅडमचं जे नाव होतं, ते यादीत सापडेना. मंगळवारी सापडेना, बुधवारी सापडेना. "शुक्रवार पुढं ढकला," म्हणाले. "यादीत नाव दिसल्याबिगर मी श्रीकांतरावांना तिथं नेऊ देणार नाय."

त्या बुधवारी श्रीकांत दुपारभर गच्चीवर होता. मी वर गेले तर कठड्याला टेकून नुसता खाली बघत उभा. मी हाताला धरून खाली आणलं, दार लावलं आणि तशीच तळमजल्यावर गेले. चाचा कॉम्प्युटरसमोर बसले होते. मी ओरडलेच. "चाचा, तुमची तपासणी होईपर्यंत माणूस हातातून जाईल माझा! तो गच्चीवरून खाली बघत उभा राहतोय. ठेवा तुमची यादी!" वडिलांच्या वयाच्या माणसावर मी आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला.

चाचा उठून उभे राहिले. "गच्चीचं मला का नाय सांगितलं?" एवढंच म्हणाले. खिळ्यावरची गच्चीची किल्ली घेतली, तीन मजले चढून गच्चीला कुलूप घातलं, खाली येऊन दवाखान्यात फोन लावला. "सुनंदाताईंनी शुक्रवारची वेळ घेतली आहे. आज घ्या. आत्ता निघतो." मग बूट घालायला बसले, आणि बुटाच्या नाडीकडे बघतच बोलले.

"माझा लहान भाऊ आहे, नजीर. पिशोरला बहिणीकडं असतो. वीस वर्षांचा असताना त्याचं असंच झालं होतं. मी लपवून दुसऱ्या गावाला नेलं. मोठी पाटी होती. दिवसभर दुनियेचे कागद तपासायचो, आणि तिथं एक कागद मागितला नाय. कुणी बघंल म्हणून घाई होती ना. त्या माणसानं कसली इंजेक्शनं दिली अल्ला जाणे, पोरगा सहा महिने नुसता झोपून होता. नंतर कळलं, तो डॉक्टरच नव्हता. तवापासून नजीर माझ्याशी बोलत नाय." नाडी बांधून झाली. "पण यादी बघत बसायची एक येळ असते आणि निघायची एक येळ असते. चला."

मला माझ्या ओरडण्याची लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती, की आता हा माणूससुद्धा न तपासता निघालाय.

श्रीकांतला घेऊन आम्ही दवाखान्यात पोचलो, तर मॅडम स्वतः बाहेर आल्या. पन्नाशीच्या, साध्या. चाचांनी नमस्कार करून पहिलाच प्रश्न टाकला, यादीत तुमचं नाव का नाय. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं झालं विचारलंत. नोंदणी माझ्या माहेरच्या नावावर आहे आणि पाटी सासरच्या." आतून प्रमाणपत्र आणलं, लग्नानंतर नाव बदलल्याचा कागद आणला. चाचांनी दोन्ही उजेडाला धरले. नोंदणीची मुदत बघितली. "बराबर," म्हणाले, आणि मी त्यांच्या तोंडून एवढा मोठा श्वास सुटताना पहिल्यांदा ऐकला.

तेवढ्यात रिसेप्शनवरच्या मुलीनं छापलेला फॉर्म आणून दिला. तिनं तो आधीच भरून ठेवला होता, खाली फक्त सही हवी होती. तो पडला चाचांच्या हातात. त्यांनी पहिली ओळ वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. पेशंटचं नाव: सुनंदा. माझे कान तापले. एवढी शोधाशोध करून, एवढ्या लोकांची झाडाझडती घेऊन, खोटा कागद निघाला तो आमचा.

श्रीकांतनंही तो वाचला. उठून उभा राहिला आणि दाराकडे वळून म्हणाला, "चल सुनंदा, घरी जाऊ." एकदाच म्हणाला होता, ते एकदा संपत आलं होतं. मी मनातल्या मनात कुणाकुणाला हात जोडले, ते आता आठवत नाही.

चाचा बसल्या जागेवरून हलले नाहीत. अगदी ऑफिसातल्या आवाजात म्हणाले, "श्रीकांतराव, एक मिनिट. ह्या फॉर्मात नाव चुकलंय. पॉलिसीवर पगारदार म्हणून तुमचं नाव आहे, दाखवायला तुम्ही आलात, आणि इथं ताईचं नाव पडलंय. असा कागद विमेवाला घेत नाय."

"मग करा तुम्ही दुरुस्त."

"मला नाय करता येत. दुसऱ्याच्या कागदावर मी पेन लावला तर तो फेरफार. ज्याचा कागद त्यानंच खाडाखोड करायची आणि बाजूला सही करायची. मग ती चूक राहत नाय, नुसती दुरुस्ती होते. असा नियमच आहे." आणि त्यांनी खिशातला पेन काढून टोपण उघडून पुढं धरला.

आजाराचं कुणी काही बोललंच नव्हतं. चाचांनी माझ्या नवऱ्यापुढे विम्याचा एक नियम ठेवला होता, आणि नियम पाळायला त्याला कधी लाज वाटली नव्हती. श्रीकांतनं आधी पेनकडे, मग फॉर्मकडे बघितलं. मग परत बसला, फॉर्म मांडीवर घेतला, माझ्या नावावर एक रेघ ओढली आणि वर स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. चाचांनी बोटानं जागा दाखवली. त्यानं सही केली. मग तो फॉर्म हातात घेऊन, आमच्याकडे न बघता, आत गेला. मी तिथंच तोंडाला पदर लावून रडले. चाचा म्हणाले, "रडू नका ताई. कागद आता खरा झालाय."

मॅडमनी त्याच दिवशी त्याला शेजारच्या डॉक्टरांनाही दाखवलं. गोळ्या सुरू झाल्या, चिठ्ठी मिळाली, पुढची वेळ मंगळवारची. पण ती वेळ मॅडमनी दिली होती, श्रीकांतनं कबूल केली नव्हती. तो आठवडा मी कसा काढला ते मलाच माहीत. तो झोपला की मी जागी, तो उठला की मी त्याच्या तोंडाकडे बघतेय. पटलं का रे, एवढं विचारायची छाती झाली नाही.

मंगळवारी सकाळी चाचा खाली कापडी पिशवी घेऊन उभे दिसले. "पिशोरला चाललो, नजीरकडं," म्हणाले. "श्रीकांतरावांनी नाव लिहिलं ना, तवापासून मला झोप नाय. बोलेल का नाय, देव जाणे. पण तोंड तर दाखवतो." तेवढ्यात श्रीकांत जिना उतरत आला. दाढी केलेली, हातात कारची किल्ली. माझ्याकडे न बघता चाचांना म्हणाला, "बसा चाचा, स्टँडवर सोडतो. पण आधी मॅडमकडं थांबावं लागेल. अकराची वेळ आहे माझी." मला कुणी बोलावलं नव्हतं. मी मागच्या सीटवर जाऊन बसले.

श्रीकांत आत गेल्यावर चाचांनी रिसेप्शनवर जाऊन एक कोरा फॉर्म मागून घेतला. मी शेजारी बसून बघत होते. एवढ्या सुबक अक्षरात लिहिणारा माणूस, पण हात थांबत थांबत चालला होता. नाव, नजीर. पत्ता, मुक्काम पोस्ट पिशोर. सोबत येणाऱ्याचं नातं, मोठा भाऊ. मग 'आधी घेतलेले उपचार' असा रकाना आला. तिथं त्यांनी लिहिलं, 'खोट्या डॉक्टरकडे. मी कागद न बघता नेले. चूक माझी.' वाचून बघितलं, आणि तो फॉर्म त्या मुलीच्या हातात दिला.

पिशवी उचलून ते निघाले. म्हणाले, श्रीकांतरावांना घाई करू नका, मी रिक्षानं जातो. मॅडमच्या बंद दारावरून जाताना मात्र त्यांची पावलं थांबली. आतून श्रीकांतचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण तो बराच वेळ, न थांबता येत होता. चाचांनी वळून माझ्याकडे बघितलं, "बोलतायत," म्हणाले, आणि कठड्याला धरून जिना उतरून गेले. मी त्यांना पाहिलं ते तेवढं शेवटचं. त्यानंतर ते पिशोरलाच राहिले.

पुढचं मला श्रीकांतनं सांगितलं, कारण त्याचाही वार मंगळवारच होता. पहिल्या दोन खेपांना नजीरभाई खाली रिक्षातच बसून राहिले, आणि चाचाही त्यांच्या शेजारी बसून राहिले, वर चला असं एकदाही म्हणाले नाहीत. तिसऱ्या खेपेला दोघं भाऊ वर आले. चौथ्या मंगळवारच्या आधी चाचा गेले, झोपेतच. त्या मंगळवारी अकराला श्रीकांत बाहेर बसलेला असताना जिन्यावर पावलं वाजली, आणि नजीरभाई एकटे वर आले.